छातीतली गाठ, मोठे मशीन आणि बारीकशी सुई



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारची दुपार होती. जेवणे आटोपून मी भांडी आवरत होते, तेवढ्यात आमच्या चाळीतल्या एक वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात साडीच्या दुकानाची पिशवी. पिशवीत काय असणार ते मी ओळखले. इतकी वर्षे लोकांबरोबर दवाखान्याच्या खेपा घातल्यावर एवढे कळते. घरातली सर्वात धड पिशवी दवाखान्याच्या कागदांना दिलेली असते.

"ताई, एवढं जरा वाचून बघता का? आमच्यात कुणाला काही उमजंना."

पिशवीत मॅमोग्राफीच्या फिल्म, सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि सरकारी रुग्णालयाचा केसपेपर होता. वहिनींचे वय ४३. एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला जातात. अंघोळ करताना उजव्या छातीत, काखेच्या बाजूला, काहीतरी टणक हाताला लागले. दुखत नव्हते, म्हणून महिनाभर त्या कुणाला बोलल्या नाहीत. मग एक दिवस हिय्या करून रुग्णालयात गेल्या, तपासण्या करून घेतल्या. एवढे त्यांनी फार चांगले केले. पण रिपोर्टवरची तारीख वाचली आणि माझ्या पोटात गोळा आला. त्या तारखेला सात आठवडे उलटून गेले होते.

"सात आठवडे काय केलं वहिनी?"

"पैसे जमवतोय ताई. भाऊजी म्हणाले, आधी खाजगीत मोठ्या मशीनवर एमआरआय काढू. त्यात सगळं आरपार दिसतं, मग सुई टोचायची गरजच नाही. सुई लागली की गाठ चवताळते म्हणतात. पुढच्या महिन्यात भिशी लागंल, मग जाऊ."

मी केसपेपर उघडला. डॉक्टरांनी खाली एकच तपासणी लिहिली होती : कोअर बायॉप्सी. म्हणजे सुईने गाठीचा बारीकसा तुकडा काढून तो तपासणे. एमआरआय हा शब्द त्या कागदावर कुठेच नव्हता. ती तपासणी डॉक्टरांनी नव्हे, घरच्यांनी लिहून दिली होती!

मी डॉक्टर नाही. बी.कॉम. झालेली, कचेरीत हिशेबाच्या नोंदी ठेवणारी कारकून आहे. पण कागद नीट वाचायची सवय आहे, आणि जे कळत नाही ते डॉक्टरांना विचारायला मी लाजत नाही. वहिनींच्या परवानगीने, त्यांचे नाव न लिहिता, ही हकीकत आज तुमच्यापुढे ठेवते. कारण अशी पिशवी उद्या कुणाच्याही घरात येऊ शकते. आपल्या देशात बायकांना होणाऱ्या कॅन्सरमध्ये स्तनाचा कॅन्सर आज पहिल्या क्रमांकावर आहे. २०२२ या एका वर्षात भारतात अंदाजे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण झाले आणि सुमारे ९८ हजार बायका या रोगाने दगावल्या. यातल्या कितीतरी जणी उशिरा पोहोचलेल्या असतात.

रिपोर्टवरचा आकडा

वहिनींच्या रिपोर्टच्या शेवटी ‘बायरॅड्स ४’ असे छापले होते. घरच्यांनी त्याचा अर्थ ‘चौथी स्टेज’ असा लावला आणि दोन दिवस घरात चूल नीट पेटली नाही. हा गैरसमज मी याआधीही दोन-तीन घरांत पाहिला आहे. म्हणून आधी हे स्पष्ट करते. बायरॅड्सचा आकडा आणि कॅन्सरची स्टेज यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्ट डॉक्टरांच्या संस्थेने १९९३ मध्ये ही पद्धत सुरू केली. फोटो पाहणाऱ्या डॉक्टरला किती संशय वाटतो, ते एका आकड्यात लिहायचे. शून्य म्हणजे तपासणी अपुरी, आणखी फोटो हवेत. एक म्हणजे काही नाही. दोन म्हणजे काहीतरी आहे, पण निरुपद्रवी. तीन म्हणजे बहुतेक निरुपद्रवीच, तरी काही महिन्यांनी पुन्हा बघा. चार म्हणजे संशय आहे. पाच म्हणजे दाट संशय आहे. सहा म्हणजे तुकडा तपासून कॅन्सर आधीच सिद्ध झालेला आहे.

आता चारचा हिशेब पाहा. बायरॅड्स ४ आलेल्या शंभर गाठींत कॅन्सर किती निघतील? दोनही निघतील आणि नव्वदही निघतील, इतका हा पट्टा रुंद आहे. म्हणून त्याचे अ, ब, क असे भागही पाडतात. अ मध्ये दहाच्या आत, ब मध्ये दहा ते पन्नास, क मध्ये त्याच्या वर. तेव्हा चार आकडा पाहून रडायचे नसते आणि तो कपाटातही ठेवायचा नसतो. चारचा अर्थ एकच : तुकडा तपासा.

मग एमआरआय म्हणजे काय?

एमआरआय हे वाईट मशीन नाही. फार मोठी विद्या आहे ती. आपल्या शरीरात सगळीकडे पाणी आहे, आणि पाण्यात हायड्रोजन आहे. जबरदस्त चुंबकाच्या आत माणूस झोपवला की त्याच्या अंगातल्या हायड्रोजनचे अतिसूक्ष्म कण त्या चुंबकाला ओ देतात. मग रेडिओसारख्या लहरी सोडून त्यांना हलवायचे, आणि ते पुन्हा जागेवर येताना जे संकेत देतात ते टिपून चित्र तयार करायचे. यात एक्स-रे नसतो. १९७१ मध्ये रेमंड डमाडियन यांनी दाखवले की कॅन्सरच्या पेशींचे संकेत निरोगी पेशींपेक्षा वेगळे येतात. १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी अशा संकेतांपासून चित्र काढून दाखवले. पीटर मॅन्सफिल्ड यांनी ते झटपट काढण्याचे गणित बसवले. लॉटरबर आणि मॅन्सफिल्ड यांना २००३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

नेहमीच्या दीड टेस्ला ताकदीच्या मशीनचे चुंबक पृथ्वीच्या चुंबकशक्तीच्या सुमारे तीस हजार पट असते. एवढे असूनही नुसत्या एमआरआयने स्तनातली गाठ चांगली की वाईट हे नीट सांगता येत नव्हते. १९८०च्या दशकाच्या मध्याला जर्मनीतल्या डॉक्टरांनी शिरेतून गॅडोलिनियम नावाचे औषध देऊन स्तनाचा एमआरआय काढायला सुरुवात केली, आणि तिथून चित्र पालटले. आजच्या सुधारलेल्या एमआरआयमध्ये डॉक्टर मुख्यतः दोन गोष्टी पाहतात. एक रक्ताची चाल आणि दुसरी पाण्याची चाल.

रक्ताची चाल

कॅन्सरची गाठ वाढायची तर तिला रक्त जास्त लागते. म्हणून ती स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या तयार करवून घेते. पण हे काम घाईचे आणि कच्चे असते. नळ नवे, पण सांधे गळके. गॅडोलिनियम शिरेतून दिले की अशा गाठीत ते झपाट्याने शिरते आणि तसेच झपाट्याने बाहेर पडते. साध्या गाठीत ते हळूहळू शिरते आणि साठत जाते. मशीन दर मिनिटा-दीड मिनिटाला चित्र काढते आणि औषध किती चढले, किती उतरले याची रेघ आखते.

आम्हा हिशेबवाल्यांना ही रेघ चटकन समजते. एका खात्यात दर महिन्याला थोडे थोडे जमा होत राहते. दुसऱ्यात एकदम जमा होते आणि तिथेच थांबते. तिसऱ्यात सकाळी मोठी रक्कम जमा होते आणि दुपारी निघूनही जाते. तिसरे खाते पाहिले की कुठलाही साहेब चष्मा पुसणारच!

जर्मनीतल्या डॉ. क्रिस्टियाने कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये २६६ गाठींचा असा हिशेब मांडला. त्यात १०१ कॅन्सर होते आणि १६५ निरुपद्रवी. कॅन्सरपैकी सुमारे ५७ टक्के गाठींची रेघ तिसऱ्या प्रकारची, म्हणजे चढून उतरणारी निघाली. निरुपद्रवी गाठींपैकी ८३ टक्के पहिल्या प्रकारच्या, हळूहळू चढणाऱ्या निघाल्या. फरक चांगला स्पष्ट आहे. पण पुढचे आकडेही वाचा. सुमारे ९ टक्के कॅन्सरनी साळसूदपणे पहिल्या प्रकारची रेघ दाखवली, आणि सुमारे साडेपाच टक्के निरुपद्रवी गाठींनी तिसऱ्या प्रकारची. म्हणजे शंभर कॅन्सरपैकी नऊ जण सज्जनाचा वेश घेऊन आले! केवळ रेघ पाहून डॉक्टरांनी त्या बायकांना घरी पाठवले असते तर?

पाण्याची चाल

दुसरी पद्धत डिफ्युजनची. हिला औषध टोचावे लागत नाही. रिकाम्या मैदानात पोर मोकळे धावते. तेच पोर सकाळी आठच्या लोकलमध्ये जागचे हलू शकत नाही. पेशींचेही असेच असते. निरोगी भागात पेशींमध्ये मोकळी जागा असते, तिथे पाण्याचे कण सहज फिरतात. कॅन्सरच्या गाठीत पेशी दाटीवाटीने भरलेल्या असतात, तिथे पाणी अडखळते. मशीन हे अडखळणे मोजते आणि त्याचा आकडा देते. आकडा जितका कमी, तितका संशय जास्त.

याचा उपयोग किती? अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांनी मिळून एक अभ्यास केला आणि २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एमआरआयवर संशयास्पद दिसलेल्या जागांना हा पाण्याचा आकडा लावून पाहिला, तेव्हा असे दिसले की एकही कॅन्सर न सुटता सुमारे २१ टक्के सुया टाळता आल्या असत्या. पाचातल्या एकीची सुई वाचते, ही काही लहान गोष्ट नाही. पण हेही पाहा की बाकी चौघींना सुई लागलीच. आणि कुणाची टाळायची हे तज्ज्ञ डॉक्टरांनी ठरवायचे आहे, भाऊजींनी नव्हे.

आणखी एक सुधारणा वेळेची. पूर्ण तपासणीत मशीनवर १७ मिनिटे लागत तिथे ३ मिनिटांत काम भागते, असे डॉ. कूल यांनी २०१४ मध्ये दाखवले. दाट स्तनांच्या १,४४४ बायकांवर अमेरिका आणि जर्मनीत झालेल्या अभ्यासात (२०२०) या छोट्या एमआरआयने १७ जणींचा पसरू शकणारा कॅन्सर शोधला, आणि नव्या पद्धतीच्या मॅमोग्राफीने ७ जणींचा. तरुण बायकांचे स्तन बहुधा दाट असतात. मॅमोग्राफीत दाट भागही पांढरा दिसतो आणि गाठही पांढरी दिसते. पांढऱ्यावर पांढरे शोधायचे म्हणजे कापसाच्या ढिगात तांदूळ शोधण्यासारखे. तिथे एमआरआय कामाला येतो.

कधी हवा, कधी नको

डॉक्टर एमआरआय कधी सांगतात? मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी यांचा एकमेकींशी मेळ बसत नसेल तेव्हा. काखेत कॅन्सरची गाठ सापडली पण स्तनात काही दिसत नाही तेव्हा. कॅन्सर सिद्ध झाला आहे, पण किती जागा व्यापली आहे ते कळत नाही तेव्हा. ऑपरेशनच्या आधी केमो दिली आणि गाठ किती आटली ते पाहायचे आहे तेव्हा. आणि घराण्यातच हा रोग आहे, रक्तातून जनुकाचा दोष आला आहे, अशा बायकांच्या नियमित तपासणीसाठी.

आणि नको कधी? सुईऐवजी म्हणून नको. एमआरआय साफ निघाला तरी मॅमोग्राफी-सोनोग्राफीवर संशयास्पद दिसलेली गाठ सुटत नाही. तिचा तुकडा तपासावाच लागतो. शिवाय या मशीनची नजर फार तीक्ष्ण आहे. ते निरुपद्रवी ठिपकेही उजळून दाखवते. मग एका गाठीच्या काळजीत दुसऱ्या ठिपक्याची भर, आणखी तपासण्या, आणखी खर्च, आणखी रात्रीचे जागरण. महागडे ते चांगले, असेही नाही. ब्रिटनमध्ये कॅन्सर सिद्ध झालेल्या १,६२३ बायकांवर अभ्यास झाला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्या जणींना ऑपरेशनपूर्वी एमआरआय केला, अर्ध्यांना केला नाही. पुन्हा ऑपरेशन करावे लागण्याचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच निघाले, शेकडा १९. म्हणून एमआरआय सरसकट नव्हे, कारण पाहून करायचा.

सुईची भीती

आता त्या सुईबद्दल. ‘सुई लागली की गाठ चवताळते’ हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकले आहे की वाटते, या एका वाक्याने कितीतरी जणींचा जीव घेतला असेल. सुईने तुकडा काढल्यामुळे रोग अंगभर पसरतो आणि बाई लवकर जाते, याला काही आधार नाही. मग लोकांना तसे का वाटते? कारण आपण जातोच उशिरा. रोग आधीच पसरलेला असतो, सुई नंतर लागते, आणि दोष सुईवर येतो. अंगारा लावण्यात किंवा लेप थापण्यात गेलेल्या सहा महिन्यांवर कुणी दोष ठेवत नाही!

तपासणी साधी असते. आधी त्या जागी भुलीचे इंजेक्शन देतात. सोनोग्राफीवर पाहून सुई आत घालतात, खटकन आवाज होतो, शेवयाच्या तुकड्याएवढा भाग निघतो. असे तीन-चार तुकडे घेतात. थोडे दुखते, जागा काही दिवस काळीनिळी राहते. त्याच दिवशी घरी.

आणि त्या तुकड्यातून जे कळते ते कुठल्याही मशीनला सांगता येत नाही. कॅन्सर आहे की नाही, असल्यास कुठल्या जातीचा, तो स्त्री-संप्रेरकांवर वाढतो की नाही, हर-टू नावाचे प्रथिन त्यात जास्त आहे की नाही. औषध कोणते द्यायचे ते यावरच ठरते. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर मशीनचे चित्र म्हणजे अंदाजपत्रक, आणि तुकडा म्हणजे व्हाऊचर. व्हाऊचरशिवाय कुठलीही नोंद पक्की होत नाही.

एमआरआयला जाताना

डॉक्टरांनीच एमआरआय लिहिला असेल तर मात्र टाळू नका. घाबरण्यासारखे काही नाही. पालथे झोपावे लागते. फळीला दोन खळगे असतात, त्यांत छाती मोकळी सोडायची. मशीन बोगद्यासारखे असते आणि ठकठक असा मोठा आवाज करते. कानात बोळे देतात. साधारण अर्धा तास न हलता पडून राहायचे. हातात एक घंटी देतात, जीव गुदमरला तर दाबायची. बंद जागेची भीती वाटत असेल तर आधीच सांगा.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर आवर्जून सांगा. २००६ पासून हे लक्षात आले आहे की मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांना गॅडोलिनियमच्या काही प्रकारांनी कातडी आणि आतले अवयव घट्ट होण्याचा गंभीर त्रास होऊ शकतो. म्हणूनच गरज वाटली तर आधी रक्तातले क्रिएटिनिन तपासतात. गरोदर असाल किंवा तशी शंका असेल तर सांगा, त्या काळात हे औषध शक्यतो टाळतात. पाळी चालू असणाऱ्या बाईसाठी पाळीच्या सातव्या ते चौदाव्या दिवसातले चित्र जास्त स्वच्छ येते. पण कॅन्सर सिद्ध झालेला असेल तर त्यासाठी थांबून बसू नये.

धातूची बाब सर्वात महत्त्वाची. गळ्यातले, जोडवी, बांगड्या, केसातल्या पिना, पदराची सेफ्टीपिन, मोबाईल, सगळे बाहेर. हृदयात पेसमेकर, डोक्यात क्लिप, हाडात सळई, तांबी, अंगावर मोठे गोंदण, जे असेल ते सांगून टाका. आणि सोबत जाणाऱ्यांनो, तुम्हीही ऐका. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात रुग्णासोबत आलेला ३२ वर्षांचा नातेवाईक ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला. चुंबकाने सिलिंडरसकट त्याला खेचले आणि त्याचा जीव गेला. चुंबक चोवीस तास चालू असते, मशीनचा आवाज बंद असला तरीही. कुणीही सांगितले, वॉर्डातल्या माणसाने सांगितले, तरी लोखंडाची वस्तू घेऊन त्या दारातून आत जाऊ नका. आधी मशीन चालवणाऱ्या टेक्निशियनला विचारा. आपली माणसे दवाखान्यात भिडस्त असतात, सांगतील ते उचलतात. इथे भीड बाजूला ठेवा.

वहिनींचे पुढे काय झाले?

दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि वहिनींबरोबर त्याच रुग्णालयात गेले. भाऊजींनाही सोबत घेतले, मुद्दाम. डॉक्टरांनी रागावून न बोलता भाऊजींना समोर बसवून सगळे समजावले. त्याच आठवड्यात सुई झाली. बारा दिवसांनी रिपोर्ट आला. कॅन्सर होता.

त्या संध्याकाळी चाळीत फार शांतता होती.

कॅन्सर लोब्युलर जातीचा निघाला. यातल्या पेशी एकामागे एक अशा रांगेने पसरतात, घट्ट गोळा होत नाही, म्हणून हाताला आणि मॅमोग्राफीलाही त्याचा पुरा अंदाज येत नाही. आणि आता मात्र डॉक्टरांनीच एमआरआय लिहून दिला. रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांना भेटून रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला दाखवला, खर्चात सवलत मिळाली. भिशीचे पैसे तसेच राहिले.

एमआरआयमध्ये मुख्य गाठ सव्वादोन सेंटिमीटरची दिसली. आणि थोड्या अंतरावर दुसरा लहान ठिपका उजळला. त्याच्या रक्ताची रेघ मधली, ना धड चांगली ना वाईट. पाण्याचा आकडाही काठावरचा. घरचे म्हणाले, "आता विचार नको, सगळी छातीच काढून टाका." डॉक्टर म्हणाले, "थांबा. आधी त्या ठिपक्यालाही सुई लावू."

पुन्हा सोनोग्राफी करून तो ठिपका शोधला, सुई घातली. तो साधा निघाला, फायब्रोअ‍ॅडिनोमा. म्हणून फक्त कॅन्सरची गाठ आणि भोवतालचा थोडा भाग काढला, स्तन वाचला. पुढे रेडिएशन झाले, ज्याला आपले लोक ‘लाईट देणे’ म्हणतात. आता गोळ्या चालू आहेत, आणि वहिनी पुन्हा पॅकिंगच्या कामाला जातात.

पाहा बंधू-भगिनींनो, ज्या सुईला घाबरून सात आठवडे गेले, त्याच सुईने छाती वाचवली! मशीनने विचारले, ‘इथे काय आहे?’ आणि सुईने उत्तर दिले. आधी प्रश्न, मग उत्तर. हा क्रम मोडला की पैसाही जातो आणि वेळही जातो. पैसा पुन्हा उभा राहतो. वेळ उभा राहत नाही.

मशीनच्या आधी हात

शेवटी एक गोष्ट आपल्याच मुंबईची. परळच्या टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायकांवर मोठा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी बायकांची छाती हाताने तपासली, अशा चार फेऱ्या केल्या. ना मॅमोग्राफी, ना एमआरआय. २०२१ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. तपासलेल्या बायकांमध्ये रोग लवकरच्या अवस्थेत सापडला. पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांमध्ये मृत्यू तेवढे घटले नाहीत, हेही सांगायला हवे. पण काही हजार रुपयांच्या तपासणीची वाट पाहत बसलेल्या घरांनी यातून एवढे तरी घ्यावे : शिकलेला हात वेळेवर लागला तर तोही जीव वाचवतो, आणि तो हात आपल्या आवाक्यात आहे.

तेव्हा माता-भगिनींनो, एवढे लक्षात ठेवा.

गाठ दुखत नाही म्हणून सोडू नका. न दुखणारी गाठच आधी दाखवायची असते. कातडीला खळगा पडणे, बोंडशी आत ओढली जाणे, बोंडशीतून रक्त येणे, काखेत गाठ येणे, यातले काहीही दिसले तर त्याच आठवड्यात रुग्णालयात जा.

रिपोर्ट हातात आला की दोनच गोष्टी विचारा : ‘पुढची तपासणी कोणती?’ आणि ‘ती कधीपर्यंत व्हायला हवी?’ उत्तर केसपेपरवर लिहून घ्या. जी तपासणी लिहिली आहे तीच करा. न लिहिलेल्या तपासणीसाठी दागिना गहाण टाकू नका, आणि लिहिलेली टाळू नका.

पैशाची अडचण असेल तर समाजसेवा अधीक्षकांना भेटा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांना विचारा. कामगार विम्याचे कार्ड असेल तर ते घेऊन जा.

आणि पुरुष मंडळींनो, बाईच्या अंगातल्या गाठीचा निर्णय तिला न विचारता घेऊ नका. तिच्याबरोबर रांगेत उभे राहा. आमचे भाऊजी आता तेच करतात. मागच्या महिन्यात शेजारच्या गल्लीतल्या एका बाईला बायरॅड्स ४ आले. तिचा नवरा एमआरआयच्या चौकशीला निघाला होता. भाऊजींनी त्याला अडवले आणि म्हणाले, "आधी केसपेपर दाखव. डॉक्टरनं काय लिहिलंय?"

पिशवी पुन्हा तीच, साडीच्या दुकानाची. पण या वेळी ती तीन दिवसांत रुग्णालयात परत गेली.